चार स्क्रूंचं निवेदन

ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र भरलेला कॉम्प्युटर, बघावा तो दुकानात. पांढऱ्या टेबलावर एकटाच उभा, मागं वायर नाही, खाली डबा नाही, शेजारी शोभेची कुंडी. घरी आणला की त्याला वायरी फुटायला लागतात. आधी अडॅप्टर. अडॅप्टरसाठी एक्स्टेंशन बोर्ड. बोर्डाच्या पाठीशी यूपीएस. मग प्रिंटर, राउटरची लॅन, जुन्या हार्ड डिस्कची केबल आणि सरतेशेवटी बाहेरचे स्पीकर. कारण आतल्या दोन-तीन वॉटच्या स्पीकरांची तोंडं खाली टेबलाकडं असतात, आणि ते काय बोलतात ते टेबलालाच ठाऊक. 'सगळं एकात' ही गोष्ट खरी आहे. त्या सगळ्यात वायरी धरलेल्या नाहीत, एवढंच कुणी सांगत नाही.

तरीही आम्ही तो घेतो आणि घेत राहणार. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफी पेढीवर तराजू, कॅल्क्युलेटर, पावतीपुस्तक आणि मालकांची दोन कोपरं ठेवून जी जागा उरते, तिथं टॉवर, म्हणजे कॉम्प्युटरचा सुटा उभा डबा, मावत नाही. राजारामपुरीतल्या दहा बाय दहाच्या दवाखान्यात टॉवर टेबलाखाली ठेवला की पेशंटचा पाय नेमका त्याच्या बटणावर पडतो. ऑल-इन-वन आला की हा सगळा ताप जातो, फरशी पुसणाऱ्या मावशीही खूश होतात.

तेव्हा एकत्र असण्याविरुद्ध आमची तक्रारच नाही. आमच्या जिल्ह्यात पंचगंगेच्या काठाकाठानं मोनोब्लॉक पंप बसलेत. मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर, एकाच अंगात. म्हणजे तेही ऑल-इन-वनच की. पण वाइंडिंग जळलं तर रिवाइंडिंग होतं, सील गळायला लागलं तर सील बदलतात, बेअरिंग वाजायला लागलं तर उद्यमनगरच्या कारखान्यांच्या वसाहतीतून दुसरं आणून बसवतात. वाइंडिंग जळलं म्हणून अख्खा पंप भंगारात घातला, असं कुणी केलं तर गावात त्याचं नाव निघेल. ऑल-इन-वनमध्ये मात्र नेमकं हेच चालतं. पडद्यामागचे एलईडी साधारण तीस हजार तासांच्या हिशेबानं केलेले असतात; रोज आठ तास धरले तरी दहा वर्षं. मागचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांना पाच-सहा वर्षांतच धाप लागते. म्हणजे पडदा ऐन उमेदीत असताना मागची मंडळी निवृत्त होतात आणि जाताना त्यालाही बरोबर घेऊन जातात. ऑल-इन-वन बनवणाऱ्यांकडं आमच्या ज्या मागण्या आहेत, त्या साऱ्यांचं मूळ इथं आहे. एकत्र राहा, पण स्क्रूनं राहा. गोंदानं नको.

सगळ्यात स्वस्त आजारापासून सुरुवात करतो. मदरबोर्डवर नाण्याएवढा, सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की वीज बंद असताना आतलं घड्याळ थांबतं आणि पुन्हा चालू केल्यावर तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसते. मग बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्या जुन्या तारखेला सुरूच झालेली नसते. बिलं भलत्याच वर्षात पडतात. माणूस आधी इंटरनेटवाल्याला झाडतो, मग बँकेत फोन लावतो, मग व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर विकत घेतो. इलाज असतो पन्नास रुपयांच्या आतला सेल. टॉवरमध्ये तो बदलायला दोन मिनिटं पुरतात: बाजूचं झाकण काढलं, खटका दाबला, सेल उडाला, दुसरा बसवला. पुष्कळशा ऑल-इन-वनमध्ये त्यासाठी पडदा काढावा लागतो.

पडदा काढणं म्हणजे काय, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. कॉम्प्युटर बंद करायचा, अडॅप्टर काढायचा, आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते. टेबलावर चादरीची घडी अंथरायची, तिच्याखाली पेनाचं टोपण नाही ना हे तळहातानं चाचपायचं, आणि मग पडदा पालथा घालायचा. प्लास्टिकच्या टोपीखालचे स्क्रू काढले की स्टँड सुटतो. इथपर्यंत माणसाचा आत्मविश्वास टिकून असतो. पुढचे स्क्रू शोधायला गेलं की एकही दिसत नाही. ते नसतात असं नाही. रबरी पायाखाली, स्टिकरखाली, पोर्टच्या पट्टीखाली ते लपवलेले असतात. ते काढूनही अंग सुटत नाही, कारण कडेनं प्लास्टिकचे खटके असतात. तिथं स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, कड कायमची चेमटते. मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत सरकवून हळूहळू फिरवत न्यायचं. 'टक' असा आवाज आला तर खटका सुटला आणि 'कट' असा आला तर तुटला. दोन आवाजांतला फरक कळायला दोन-तीन खटके खर्ची पडतात.

कड सुटली म्हणून हर्षानं पडदा उचलायचा नाही. दोन बोटं वर करून आत टॉर्च मारायचा. वरच्या बाजूला कॅमेरा-माइकची वायर असते, खालच्या बाजूला स्पीकरची, आणि मध्ये पडद्याची चपटी केबल, बहुतेक तीस पिनांची. तिच्या टोकाला चिकटपट्टी किंवा तारेची कडी असते. आधी ती उचलायची, मग केबल सरळ रेषेत मागं सरकवायची. वर ओढली तर पिना वाकतात आणि पडद्यावर उभ्या रंगीत रेघा येतात. त्या रेघा सेलपेक्षा फार महाग पडतात. केबलनंतर पत्र्याचं झाकण, मग पंखा, आणि पंख्याच्या आडोशाला तो सेल, ज्याच्यासाठी एवढं रामायण. काही मॉडेलांत उलट, मागचं झाकण निघतं आणि पडदा जागच्या जागी राहतो. तसलं मॉडेल कुणाला मिळालं तर त्यानं ते जपून वापरावं. काहींत खटकेही नसतात, सरळ गोंद. अॅपलचा ऑल-इन-वन म्हणजे आयमॅक; २०१२ च्या अखेरीपासूनच्या आयमॅकमध्ये काच कडेनं चिकटपट्टीवर बसवलेली आहे. ती कापायला चाकासारखं हत्यार लागतं, आणि परत लावताना पट्टी नवीनच हवी. जुन्याच पट्टीवर दाबून बसवली तर काच थोडे दिवस बरी वागते, मग एका दुपारी कीबोर्डवर येते.

म्हणूनच दुरुस्तीच्या दुकानात संवाद होतो तो असा: "काका, सेल काय, चाळीस रुपयाचा हाय. उघडायची मजुरी वेगळी." काका बरं म्हणतात. "आणि उघडताना पडदा गेला तर आमच्यावर येणार नाही. हितं सही करा." ऑपरेशनच्या आधीची सही आणि ही सही, दोन्हींतली भाषा सारखीच, फक्त इथं पेशंट उपाशीपोटी आणायची अट नसते.

रॅमचं दुखणं याहून राजकारणी आहे. वाढवता येईल की नाही हे कॉम्प्युटर स्वतःच सांगतो, पण विचारल्याशिवाय नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'मेमरी'वर टिचकी मारायची. तिथं 'स्लॉट्स यूज्ड' पुढं 'वन ऑफ टू' दिसलं तर अंबाबाईला नारळ फोडावा, एक जागा मोकळी आहे. 'फॉर्म फॅक्टर' पुढं 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. नारळ घरी न्यावा आणि चटणी करावी. मोकळ्या जागेत लॅपटॉपची आखूड कांडी बसते, टॉवरची लांब नाही. डीडीआर४ पिढीची असेल तर २६० पिना, डीडीआर५ पिढीची असेल तर २६२, आणि दोघींची खाच वेगवेगळ्या ठिकाणी. त्यामुळं चुकीची कांडी बसत नाही; नेट लावला तर स्लॉट तुटतो, कांडी तरीही बसत नाही. बरोबर कांडी तिरपी घालायची आणि खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या चापांचा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूचा आला तर स्क्रीन काळी राहते आणि माणसाला वाटतं आपण कॉम्प्युटर मारला. मेला नसतो. कांडी काढून पुन्हा घालायची.

आता आठ जीबीत काय होतं ते सांगतो, कारण दुकानात 'आठ भरपूर झालं की' असं अजूनही सांगतात. विंडोज ११ स्वतःच तीन-चार जीबीवर बसतं. ऑल-इन-वनमध्ये बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, म्हणून पडदा रंगवायला थोडी रॅम तोही ओढून घेतो. उरलेल्यात ब्राउझरच्या वीसेक टॅब, हिशेबाचं सॉफ्टवेअर, व्हॉट्सअॅप आणि मुलाचा क्लास. रॅम पुरेनाशी झाली की कॉम्प्युटर डिस्कचा एक कोपरा रॅम म्हणून वापरायला लागतो, आणि ती डिस्क जर मिनिटाला ५४०० फेरे मारणारी जुन्या घाटणीची असली, तर मग चहा ठेवायला हरकत नाही. टॉवरसाठी मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क मिळते. ऑल-इन-वनमध्ये अनेक वर्षं लॅपटॉपची ५४०० वाली घातली गेली, कारण ती बारीक आणि थंड. असा कॉम्प्युटर कुणाच्या घरी असेल तर प्रोसेसरला दोष देण्याआधी डिस्क बदलून बघावी. साध्या साटा एसएसडीनंही, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कनंही, चालू व्हायचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. आत एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, मोकळी जागा असेल तर दुधात साखर. तिथला स्क्रू मात्र एवढासा असतो की तो पडला तर थेट पंख्यात जातो. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोहचुंबकाला घासून घ्यावं, उद्यमनगरात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

म्हणून पहिली मागणी: पाठीला एक दार द्या. बारीक अंगात दार बसत नाही, असं उत्तर यावर नेहमी मिळतं. बसतं. बसलेलं आहे. अॅपलच्या १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशनं वाईट पायंडा पाडला हे खरं: १२८ केबी रॅम सोल्डर केलेली, आणि अंगाचे दोन स्क्रू हँडलच्या खोबणीत इतके खोल की त्यासाठी लांब दांड्याचा टी-१५ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा, पाना हवा. पण त्याच कंपनीनं १९९९ च्या आयमॅकला रॅमसाठी नाण्यानं उघडणारं झाकण दिलं. २००४ च्या आयमॅक जी५ मध्ये खालचे तीन स्क्रू सैल केले की अख्खी पाठ निघायची, आणि ते स्क्रू सुटून हरवायचे नाहीत, जागेवरच अडकून राहायचे. पुढच्याच वर्षी, २००५ च्या मॉडेलात, ते शहाणपण मागं घेतलं. २७ इंचीला रॅमचं दार पुढंही राहिलं, ते मॉडेल २०२२ मध्ये विक्रीतून गेलं तोवर. एचपीनं २०१२ मध्ये झेड१ नावाचं २७ इंची यंत्र काढलं, ते टेबलावर उताणं घालून बॉनेट उघडावं तसं उघडायचं, पान्याशिवाय. म्हणजे विद्या आहे, इच्छा नाही. कोल्हापूरनं चार दशकं रेटा लावून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आणलं, ऑगस्ट २०२५ मध्ये कामकाजही सुरू झालं. सर्किट बोर्डाला दार मागणं हे त्यामानानं किरकोळ प्रकरण आहे. चार स्क्रू, एक पत्रा. त्याआड रॅम, डिस्क, वाय-फाय कार्ड, पंखा आणि तो सेल. बाकीचं तुम्ही खुशाल चिकटवा.

मात्र दार दिलं तरी एक दिवस प्रोसेसर म्हातारा होणारच, आणि तेव्हा पडद्याचं काय, हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ ला घराघरांत उभा राहिला. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या सुमाराचे, सातव्या पिढीचे, फुलएचडी पडद्याचे, दिसायला कालचेच वाटणारे ऑल-इन-वन एका तारखेला वयोवृद्ध ठरले. टॉवरवाल्यानं डबा बदलला, मॉनिटर तोच ठेवला. ऑल-इन-वनवाल्यानं काय ठेवायचं? त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालावं हा सल्ला चांगला आहे. ब्राउझर, पत्रं, मुलांचा अभ्यास त्यावर बिनबोभाट चालतं. पण ज्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्या दुकानदाराला हा सल्ला देऊन बघा, उधारी बंद होईल.

तेव्हा दुसरी मोठी मागणी: एचडीएमआय 'इन'. म्हणजे बाहेरचं चित्र केबलनं आत घेणारं भोक. ऑल-इन-वनच्या पाठीला एचडीएमआयचं भोक बहुधा असतं आणि ते बहुधा 'आउट' असतं, म्हणजे इथलं चित्र दुसऱ्या पडद्यावर पाठवायचं. भोक दोन्हींचं हुबेहूब सारखं. लोक लॅपटॉपची केबल त्यात घालतात आणि वाट बघत बसतात. दोघेही देणारे, घेणारा कुणीच नाही. काही मॉडेलांत 'इन'ही असतं; तिथं बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं आणि एक बटण दाबून पडदा नुसता मॉनिटर होतो. हे एक भोक असलं की पडद्याची दहा वर्षं वाया जात नाहीत: मागचं यंत्र झोपू दे, शेजारी वीतभर मिनी पीसी ठेवला की संसार सुरू. २००९ ते २०१४ मधल्या बऱ्याच आयमॅकना ही सोय होती, दुसरा मॅक जोडून कमांड आणि एफ२ दाबलं की झालं. मग फार बारीक ठिपक्यांचा ५के पडदा आला, त्या वेळच्या एका केबलमधून एवढं चित्र मावेना, आणि सोय गेली. पुढं ते मावणाऱ्या केबली आल्या. सोय काही परत आली नाही.

ज्यांच्या नशिबी 'इन' नाही त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. पडदा खोलला की पॅनेलच्या पाठीवर मॉडेल नंबरचं स्टिकर असतं. त्याचा फोटो काढून कंट्रोलर बोर्ड, म्हणजे बाहेरचं चित्र पॅनेलला पोचवणारा बोर्ड, विकणाऱ्याला पाठवायचा. तो त्या पॅनेलला जुळणारा बोर्ड, केबल आणि बॅकलाइटची जोडणी देतो, वरून बारा व्होल्टचा अडॅप्टर. अंदाजानं बोर्ड आणायचा नाही. पिनांचा क्रम आणि व्होल्टेज चुकलं तर पॅनेल एकदाच उजळतं. टचस्क्रीन असेल तर टच या कामात बहुधा मावळतो, त्याची हळहळ करू नये. चिवड्याच्या बोटांनी पुसट झालेला भाग तेवढाच कमी.

वीज. लॅपटॉपचा प्रोसेसर, लॅपटॉपची रॅम, लॅपटॉपसारखाच १९ व्होल्टचा अडॅप्टर, आणि बॅटरी तेवढी नाही, हे ऑल-इन-वन बनवणाऱ्यांना सुचलं तरी कसं? वळवाचा पाऊस इथं आधी वाऱ्यानं येतो, वारा आधी वायरीवर येतो, आणि महावितरणची वीज पहिल्या गडगडाटाला नमस्कार करून जाते. निम्मं भरलेलं जीएसटीचं रिटर्न तिच्याबरोबर जातं. हिशेब मांडून बघा. २४ इंची ऑल-इन-वन साध्या कामात चाळीस ते साठ वॉट खातो. लॅपटॉपची पन्नास वॉट-तासाची बॅटरी आत घातली तर पाऊण-एक तास निघेल. एवढी चैन नको म्हणालात तर तिच्या पाचव्या हिश्शाची द्या, फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती दहा मिनिटं मिळतील. तोवर ६०० व्हीएचा यूपीएस आहेच. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, कागदावर ८४ वॉट-तास. झीज-तूट धरूनही एकट्या ऑल-इन-वनला अर्ध्या तासाच्या पुढं नेते. ती बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि बसलीय हे वीज गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, महत्त्वाचं काही उघडं नसताना, भिंतीवरचं बटण मुद्दाम बंद करून बघावं. आणि लेझर प्रिंटर त्या यूपीएसला लावू नये. तो गरम होताना एवढी वीज एकदम ओढतो की यूपीएस किंचाळून खाली बसतो, सोबत कॉम्प्युटरही.

अडॅप्टरची पिन हा आणखी एक उच्छाद. व्होल्ट तेच, वॉट तेच, पिनेची जाडी मात्र मिलिमीटरच्या काट्यावर वेगळी. यूएसबी-सीवर २०२१ पासून २४० वॉटपर्यंतची तरतूद आहे आणि साध्या ऑल-इन-वनला लागतात बहुधा शंभर-सव्वाशेच्या आतच. एकच पिन करा, विषय संपवा.

आता उष्णतेकडं येतो, आणि इथं दोष निम्मा आमचा आहे. आत गोल ब्लोअरचा एकच पंखा, हवा खालून किंवा मागून ओढायची आणि वरच्या जाळीतून सोडायची, एवढी साधी व्यवस्था. तर ज्या वरच्या कडेवर ही जाळी, तिथंच घरातल्या कुणीतरी विणलेला लेसचा रुमाल घालायचा आमच्याकडं रिवाज आहे. तो टीव्हीवर होता, टीव्ही भिंतीवर गेला, रुमाल बेघर झाला, ऑल-इन-वननं त्याला आसरा दिला. मग कॉम्प्युटर घूं घूं करतो, प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ जातो, जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, आणि घरचे म्हणतात, "जुना झाला वाटतं."

खंडेनवमीला तर विचारू नका. उद्यमनगरात लेथची, ड्रिलची पूजा होते तशी ऑफिसात कॉम्प्युटरची होते, आणि व्हायलाच पाहिजे. पण लेथला हळद पचते. इथं झेंडूचा हार कॅमेऱ्यावर येतो, अक्षता जाळीतून पंख्यात जातात, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आतून खुळखुळा वाजतो. माझी सूचना अशी की पूजा बंद कॉम्प्युटरची करावी, हळद-कुंकू स्टँडच्या पायावर वाहावं, हार कीबोर्डभोवती ठेवावा, आणि अक्षता भक्तिभावानं पण लांबून टाकाव्यात. नारळाचं पाणी यूपीएसच्या दिशेनं शिंपडू नये. बनवणाऱ्यांकडं मागणी एवढीच: जाळीच्या आत काढून धुता येईल अशी बारीक गाळणी द्या, कूलरला असते तसली. तोवर भिंतीपासून वीतभर अंतर ठेवायचं आणि वर्षातून एकदा ब्लोअर मारायचा. मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरायचं, नाहीतर तो वाऱ्यानं भलत्या वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. उद्यमनगरात, शिरोलीत ज्यांचं ऑफिस फाउंड्रीला लागून आहे त्यांनी वर्षातून दोनदा. प्रोसेसरवरची पेस्ट तीन-चार वर्षांत सुकते, ती बदलली की जुना कॉम्प्युटर पुन्हा मऊ आवाजात बोलायला लागतो.

किरकोळ मागण्या भराभर उरकतो. स्टँड वरखाली होऊ द्या. नुसता मागं-पुढं कलणारा स्टँड दिल्यामुळं निम्म्या शहराचे पडदे दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर उभे आहेत. मागं १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं प्रत्येक मॉडेलला द्या, म्हणजे भिंतीवर किंवा मॉनिटर धरणाऱ्या लोखंडी हातावर लावता येईल. ती खरेदीच्या वेळीच मागून घ्यायची अट नको. पेनड्राइव्हचं निदान एक भोक पुढं आणा. आणि जाडी कमी करणं आता पुरे. २०२१ चा आयमॅक साडेअकरा मिलिमीटर जाड आहे, हेडफोनची पिन त्याहून लांब, म्हणून ते भोक पाठीऐवजी कडेला न्यावं लागलं. कॉम्प्युटर कडेनं बघतो कोण? भिंत.

कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापून द्या, हे मात्र भराभर उरकणार नाही. इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळांची, रचना १९८६ पासून ठरलेली आहे, विंडोजमध्ये आयती असते, मराठी भाषा जोडली की विंडोज आणि स्पेस दाबून ती समोर येते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे एवढ्या कळा दाबल्या की 'कोल्हापूर' उमटतं. पण कळेवर काही छापलेलं नसल्यामुळं लोक इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करतात आणि 'पायऱ्या'चं 'पायर्या' होतं. त्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ, इतकंच. हे कळेवर दिसलं असतं तर सांगावं लागलं नसतं. बाजारात स्टिकर मिळतात, ते चिकटवता येतात. सर्वांत आधी झिजतो तो काना.

शेवटची मागणी हँडलची. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे इथं पोरासोरांना पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तळमजल्यावरच्या दुकानांतले टॉवर पाण्याखाली गेले. ऑल-इन-वन निदान एका माणसाला उचलून माडीवर नेता येतो, हा त्याचा मोठाच गुण. फक्त धरायला जागा नाही. काखेत मारला की अंगठा पॅनेलवर दाबला जातो आणि तिथं कायमचा पांढरा डाग पडतो. मोटरसायकलवर न्यायचा तर मागच्यानं पडदा स्वतःच्या पोटाकडं करून, मध्ये उशी घेऊन, स्टँड आधीच काढून बसायचं. १९९८ चा पहिला आयमॅक सतरा-अठरा किलोंचा होता आणि त्याला वरच्या अंगाला मुठीत मावणारं हँडल होतं. आजचा साडेचार किलोंचा आहे आणि त्याला नाही. हँडलला दोन स्क्रू जास्तीचे लागतील. चाराचे सहा झाले तरी आमची हरकत नाही.